बॅनरची पांढरी पाठ

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीनं विचारलं, "आजी, तू अजून जुन्याच घरात? लिफ्टवालं घर कधी?" मी "बघू" म्हटलं आणि गॅसवर काहीतरी आहे असं सांगून फोन ठेवला. गॅसवर काहीही नव्हतं. त्यानंतर दुपारभर मी मसाल्याच्या डब्यांची लेबलं तपासत बसले. धण्याच्या जागी जिरं ठेवलं, मग पुन्हा होतं तसं केलं. हल्ली माझं असं होतं. हाताला काम लागतं आणि काम संपलं की ते मोडून परत करावंसं वाटतं.

तुमच्या आत्याच्या नोकरीत काय घडलं ते तुम्हाला बाबांच्या फोनवरच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळलं असणार. तुकड्यांनी भलताच अर्थ लागतो, म्हणून क्रमानं लिहिते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं शिक्षणही त्याच भाषेत झालं आणि नोकरीत आयुष्यभर मी इंग्रजीच टाइप केलं. पण यातली माणसं मराठीत भांडली, एक गृहस्थ तर मालवणीत. त्यांचं भांडण मला इंग्रजीत नेता येणार नाही. बाबांकडून वाचून घ्या.

आमची मुलुंड पूर्वेची इमारत तुम्ही पाहिली आहे. लिफ्ट नाही आणि मी तिसऱ्या मजल्यावर. गुडघे बिघडल्यापासून मी खाली उतरणं जवळजवळ सोडलंय. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडते, वॉचमन तीत भाजी, पाव, वर्तमानपत्र ठेवतो आणि मी ओढून घेते. टोपली वर येताना दुसऱ्या मजल्यावरच्या भावोजींच्या खिडकीवरून जाते. नात्यातले नव्हेत, शेजारी; आमच्या सोसायटीचे चेअरमन. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः एका औषध कंपनीतून निवृत्त झाले. टोपली समोरून जाताना ते हात घालून कधी दोन केळी टाकतात, कधी कोकमं. वर "वयनी, जकात घेतली नाय हां!" असं ओरडतातही.

इमारत पाडून नवी बांधायची असं सोसायटीनं ठरवलं, बिल्डर नेमला. नकाशे मंजूर करायचं काम महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागाचं. आणि नेमकी त्याच सुमारास तुमच्या आत्याला बढती मिळून ती सहायक अभियंता म्हणून त्याच विभागात आली.

आत्याच्या नोकरीचा एक भाग तुम्हाला माहीत नसेल. तिला ठरावीक काळानं आपल्या मालमत्तेची आणि कर्जांची माहिती कार्यालयाला द्यावी लागते. त्याला मत्ता आणि दायित्वांचं विवरण म्हणतात. ते भरायला ती चारकोपहून इथे येते. तिथे शांतता मिळत नाही असं सांगते, पण मी शेजारी बसून रकाने तपासावेत हे खरं कारण. एकदा आत्याचे यजमान, तुमचे काका, टेबलाशी येऊन म्हणाले, "मला कुठे लिहितेस? मत्तेत की दायित्वात?" ती मान वर न करता म्हणाली, "तुमच्यासाठी वेगळी पुरवणी जोडते." आजोबा गेल्यावर मी या घरावर माझ्याबरोबर तिचं नाव लावलं, कारण तुमचे बाबा लांब आणि इथे सहीला कुणीतरी हवं. तेही ती दर वेळी लिहिते. लपवलेलं त्यात काही नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते.

बढतीचे पेढे घेऊन आली त्या दिवशी तिनं चप्पल काढायच्या आधीच विषय काढला.

"आई, आपल्या सोसायटीची फाइल आमच्याकडे येणार. इथे माझं घर आहे, आई राहते, तेव्हा ही फाइल माझ्याकडे देऊ नका असं मी लिहून दिलंय."

"मग कुणाकडे जाईल?"

"ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे. मी विचारणारसुद्धा नाही."

"उशीर होईल?"

तिनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "होऊ शकतो गं."

मी पेढ्यांचा बॉक्स दुसऱ्या मजल्यावर पाठवला. भावोजी अभिनंदन करायला वर आले तेव्हा तिचं म्हणणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळा मिचकावला. "वयनी, असा म्हणूक लागता!" मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा हसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीनं ठरवून टाकलं की मुलगी वरवर नाही म्हणते आहे, आतून बघणार आहे. जितकं मी नाही म्हणावं तितकी त्यांची खात्री वाढत गेली.

मग तो रविवार. सकाळपासून गेटवर ठोकाठोक चालली होती. मी खिडकीतून पाहिलं तर दोन खांबांना बांधलेला एक भला मोठा बॅनर. पण त्याचं तोंड रस्त्याकडे, मला दिसत होती फक्त पांढरी पाठ. ऊन आलं तेव्हा त्यातून रंगांचे डाग दिसले, वर एक मोठा आणि खाली गोल गोल लहान. आपल्याकडे कुणाचा वाढदिवस असला, मंडळाची पूजा असली की बॅनर लागतोच. जो पैसे देतो त्याचा फोटो खाली 'शुभेच्छुक' म्हणून येतो. असेल कुणाचा तरी, म्हणून मी कोथिंबीर निवडायला बसले. लोक रस्त्यावर थांबून फोटो काढताना मी पाहिले. तेही मला विशेष वाटलं नाही.

जेवायच्या वेळेला आत्या आली ती गेटपाशीच थांबली. बराच वेळ वर येईना म्हणून मी खिडकीशी गेले. ती बॅनरकडे तोंड करून उभी होती.

"अगं, काय बघतेस?" मी वरून विचारलं.

"मला बघतेय," ती म्हणाली.

तिच्या लग्नातला पैठणीतला फोटो होता म्हणे. वर 'आपल्या सोसायटीची सुकन्या', मग नव्या पदाचं नाव, विभागासकट. खाली शुभेच्छुक म्हणून कमिटीचे गोल गोल चेहरे, मध्यभागी भावोजी. आणि उजव्या कोपऱ्यात हात जोडलेला बिल्डर, कंपनीच्या चिन्हासह. ज्याची फाइल त्या विभागात पडलेली, तो त्याच विभागातल्या अधिकारी बाईचं अभिनंदन करत रस्त्यावर उभा.

भावोजी बनियनवरच धावत खाली गेले. पुढचं सगळं मी वरून ऐकलं.

"काय गो, कसो दिसता?"

"काका, हा आत्ताच्या आत्ता काढा."

"कित्याक? फोटो बरो नाय इलो काय?"

"ह्याचे पैसे कुणी दिले?"

"अगो, बिल्डरान दिल्यान. गणपतीचो मंडप पण तोच देता. तेना हौसेन दिल्यान!"

"काका, त्याची फाइल आमच्या ऑफिसात आहे. हा फोटो बघून कुणी काय म्हणेल?"

"म्हणतले, पोरग्येन नाव काढल्यान!"

"नाव जाईल माझं. आणि वर बॅनरला परवानगी तरी घेतलीय का?"

भावोजी बनियन खाली ओढायला लागले. महापालिकेच्या अधिकाऱ्याच्या कौतुकाचा बॅनर, आणि तोही महापालिकेच्या परवानगीशिवाय. गेटपाशी टेबल मांडून बसणाऱ्या इस्त्रीवाल्याला हसू आवरेना. "मॅडम, तुम्हारेही लोग आके निकालेंगे," असं तो म्हणाला, आणि भावोजी आणखी चिडले. ज्या पोरांनी बॅनर बांधला ती संध्याकाळी येतील, तोवर राहू दे, रविवारचा दिवस आहे, चार लोक बघतील, असं त्यांचं चाललं होतं.

आत्यानं वर पाहिलं. "आई, सुरी सोड."

मी टोपलीत भाजीची सुरी ठेवली आणि सोडली. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. ती वॉचमनच्या खुर्चीवर चढली, एका बाजूच्या दोऱ्या कापल्या, बॅनर लोंबला, दुसऱ्या बाजूची गाठ हाताला येईना तेव्हा तिनं सुरी ओढली आणि फ्लेक्स मधूनच टर्रकन फाटला. मला परत पांढरी पाठच दिसली, पण दोन तुकड्यांत. खाली सगळे भावोजींकडे बघायला लागले. काय झालं ते मला नंतर कळलं. सुरी गेली होती ती बरोबर भावोजींच्या चेहऱ्यावरून.

ती वर आली. तिनं जेवणाला हात लावला नाही. तिनं आधी आपल्या साहेबांना फोन केला, मग फोनवर सगळं टाइप केलं, बॅनर कुठे लागला, कुणी लावला, पैसे कुणाचे, आणि पाठवून दिलं. पण त्याच्याआधीच कुणीतरी काढलेला फोटो पुढे गेला होता. दोन-चार दिवसांत तिच्याविरुद्ध तक्रार आली. बिल्डरशी लागेबांधे आहेत, घर त्याच इमारतीत आहे, पुरावा म्हणून फोटो सोबत. दक्षता विभागानं खुलासा मागितला आणि तोपर्यंत तिला त्या विभागातून बाजूला काढलं.

बाजूला काढलं म्हणजे काय ते बाहेरच्याला कळत नाही. पगार चालू होता. पण तिला बसायला दिलेल्या टेबलावर काम नव्हतं, आणि चहाच्या वेळी लोक उठून दुसरीकडे जायला लागले. ज्या बाईनं दिवाळीत कंत्राटदाराकडून आलेला सुकामेव्याचा डबा न उघडता परत पाठवला होता, तिच्याकडे आता सगळे त्या नजरेनं बघायचे. ती मला हे सांगायची नाही. फोन करायची आणि विचारायची, "काय केलंस आज?" मी म्हणायची, "कपाट आवरलं." तिला कळायचं.

आता सगळं सोसायटीच्या हातात होतं. तिला माहिती नसताना हा बॅनर लागला, आणि पैसे बिल्डरनं दिले, एवढं कमिटीनं लिहून द्यायला हवं होतं. कमिटी लिहीना. बिल्डर दुखावला तर प्रकल्प सोडून जाईल ही भीती. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोडगा निघाला. सभासदांनी आपसांत वर्गणी काढून बॅनर लावला असं लिहू या. बिल्डरचं नाव नको, मुलगीही सुटेल, कामही अडणार नाही. खाली अंगठ्यांची रांग लागली.

मी तो मेसेज वाचला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. ती सुटेल. लिफ्ट होईल. मी घाईघाईनं तिला फोन लावला.

"वर्गणी काढली होती?" तिनं विचारलं.

"नाही. पण..."

"आई, मला खोटं सांगून सोडवू नका. उद्या कुणी पावती मागितली तर? मग मी खरंच त्यांच्यातली एक होईन."

तुमच्या बाबांनीही तेव्हा फोनवरून उपाय सुचवला. घरावरचं तिचं नाव काढ, म्हणजे तिचा संबंधच राहणार नाही. त्यांनी भल्यासाठीच म्हटलं. मी आत्याला सांगितलं तर ती पहिल्यांदाच चिडली. "नाव काढलं की मी तुझी मुलगी राहणार नाही का? तू तिसऱ्या मजल्यावर अडकलीयस हे मला दिसणार नाही का? लपवायचं नसतं गं, सांगून बाजूला व्हायचं असतं. एवढंच आहे ते."

दोन दिवस मी या खिडकीपासून त्या दारापर्यंत फेऱ्या घातल्या. कपाटातल्या साड्या रंगांप्रमाणे लावल्या, मग कापडाप्रमाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मी एक मजला उतरले आणि भावोजींची बेल वाजवली. बॅनर त्यांनी सांगून लावला होता, तेव्हा लिहून देणारे तेच. सुरीच्या त्या रविवारपासून ते माझ्याशी बोलत नव्हते. टोपली खिडकीवरून रिकामी जायची.

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. आत भिंतीला टेकून तो फ्लेक्सचा तुकडा ठेवला होता, चेहऱ्याचे दोन भाग मागून चिकटपट्टीनं जोडलेले. नाक थोडं वर-खाली झालं होतं.

"बघा!" भावोजी म्हणाले. "तुमच्या चेडवान माझो फोटो सुरयेन फाडल्यान. जित्या माणसाचो! हिना त्या दिवसापासून जेवाण सोडल्यान."

"सोडलं नाही, एक वेळचं," त्यांची बायको म्हणाली. "पण अशुभच ना ओ वहिनी ते."

"भावोजी, सुरी माझी होती," मी म्हटलं. "वरून मीच सोडली. राग धरायचा तर माझ्यावर धरा."

"तुमच्यार राग धरून काय करतलंय? किती म्हयन्यानी खाली इलास!" त्यांनी मला खुर्ची दिली. पंखा लावला. त्यांची बायको पाणी ठेवून आत गेली. मग मी म्हटलं, "वर्गणीचं लिहू नका. तिला ते नकोय."

"माका म्हायत आसा. तिना ग्रुपवर लिवल्यान." ते त्या फाटक्या फोटोकडे बघत होते. "वयनी, खरा लिवूक माका भय नाय. लाज वाटता. सगळे म्हणतले, ह्यान बिल्डराच्या पैशान आपला थोबाड छापून घेतल्यान."

मला वाटलं होतं ते बिल्डरला घाबरतात. ही गोष्ट माझ्या मनातच आली नव्हती. मी पदराची घडी घातली आणि मोडली. त्यांच्या बायकोनंच आतून म्हटलं, "छापूनच घेतलात ना? मग म्हणू देत."

भावोजी तिच्यावर खेकसले, "गप ऱ्हव गो!" आणि मग जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं, "मी लावलंय तर मी लावलंय म्हणान सांगतलंय. भितंय काय कोणाक?" त्यांनी चष्मा मागितला. लिहायला बसले ते मराठीतच, पण शुद्ध, शाळेतल्यासारखं. बॅनरची कल्पना माझी, खर्च विकासकाने केला, संबंधित अधिकाऱ्यांना पूर्वकल्पना नव्हती. सही करून त्यांनी मला वाचायला दिलं. 'अधिकाऱ्यांना' या शब्दावर माझं बोट थांबलं. ज्या पोरीला ते फ्रॉकमध्ये असल्यापासून हाका मारत आले, तिला त्यांनी तसं लिहिलं होतं.

वर चढायला मला उतरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. ते मागून येत होते, पण हात दिला नाही, आणि मीही मागितला नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला. तिच्याविरुद्ध काही आढळलं नाही. मात्र यापुढे अशा बाबतीत काळजी घ्यावी, अशी समज दिली होती. ती सुटली म्हणून मी देवापुढे साखर ठेवली. ती मात्र तो शब्द घेऊन बसली. "समज कसली, आई? मी काय केलं? फोटो माझा होता एवढंच." तिनं स्वतःहून दुसरीकडे बदली मागितली. आता ती मलनिःसारणाच्या कामावर आहे, माहुलच्या बाजूला. तिथे रिफायनरीचा वास येतो आणि तिच्या कामाचा वेगळा. "इथे कुणी बॅनर लावणार नाही," असं म्हणते. हे ती हसत म्हणते, पण सारखं म्हणते.

बिल्डर अजून गेला नाही आणि आलाही नाही. बाजार बघून ठरवू म्हणतो. फाइल कुणाकडे आहे ते आत्याला माहीत नाही आणि मी विचारत नाही. तळमजल्यावरच्या दोन घरांनी माझ्याशी बोलणं कमी केलं आहे. त्यांनाही नवं घर हवं होतं, त्यांच्याकडेही म्हातारी माणसं आहेत. खिडकीत उभी राहते तेव्हा ते वर बघत नाहीत. धाकटे, लिफ्टवाल्या घराचं उत्तर एवढंच आहे. त्या रविवारी सुरी सोडायला नको होती का, हे मी रोज मनात उलटंपालटं करते आणि रोज सोडतेच.

गेल्या रविवारी आत्या आली होती. खाली भाजीवाला आला तेव्हा टोपली तिनंच सोडली, आणि ओढत असताना दुसऱ्या मजल्यावर दोरी अडली. मी वाकून पाहिलं. भावोजींचा हात टोपलीत होता. गावाहून आलेली आंबापोळी, कागदात गुंडाळलेली.

"वयनी, ह्यां तुमका," ते वर न बघता म्हणाले. "तिका नाय. तिका नियमात बसता की नाय, देव जाणा."

दोरी आत्याच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. तिनं ओढणं थांबवलं. टोपली दोन मजल्यांच्या मध्ये गोल गोल फिरत राहिली.

"तू आता त्या विभागात नाहीस ना?" मी हळूच म्हटलं.

"नाही. तरी." ती विचार करत होती. खरोखर विचार करत होती, एका आंबापोळीचा.

"काय गो, वढ मगे!" खालून आवाज आला. "की हेका पण परवानगी लागता?"

ती हसली. इतक्या महिन्यांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तिनं टोपली वर घेतली, आंबापोळी माझ्या टेबलावर ठेवली, स्वतः एक तुकडाही तोडला नाही. जायची वेळ झाली तेव्हा मात्र ती कागदाची पुडी घेऊन दाराशी घुटमळली, मग ठेवून दिली, आणि रिकाम्या हातानं जिना उतरायला लागली.

मी कठडा धरून वर उभी राहिले. खालच्या मजल्यावर भावोजींची बेल वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. त्यानंतर तिच्या चपला पुढच्या पायऱ्यांवर वाजायला हव्या होत्या. मी थांबले, गुडघे दुखायला लागले तरी थांबले. त्या वाजल्या नाहीत.